लुधियाना-कुल्लूहून आणलेली लोकर : नऊ महिने वापरल्यावर

नऊ महिने झाले, म्हणून आता लिहायलेय. आल्या आल्या लिहिलं असतं तर "काय मऊ लोकर आहे हो" एवढंच लिहिलं असतं आणि ते सगळं चूक निघालं असतं.

मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही दोघी परभणीच्या, दोघींच्या हातात बारा महिने सुया. लोक म्हणतात मराठवाड्यात कशाला गं स्वेटर, पण ज्यानं परभणीचा डिसेंबर बघितलाय तो हसत नाही, पहाटे पारा पाच-सहावर येतो कधी कधी. तर दसरा झाल्यावर दोघीच निघालो, घरी सांगितलं देवदर्शनाला चाललो, ते काय खोटं नव्हतं. नांदेडहून येणारी सचखंड एक्सप्रेस धरली की थेट अमृतसर, कुठं बदलायचं काम नाही, आणि वाटेत स्टेशनवर लंगर मिळतो, फक्त डबा-ताटली आपली ठेवायची.

अमृतसरला दर्शन झाल्यावर मी हट्ट करून धारीवालला नेलं. आमच्या वडिलांची शाल धारीवालची होती, ते नाव लहानपणापासून कानावर. 1880 ची लोकरीची गिरणी आहे ती, पण आता माग बंद, आम्ही बाहेरूनच बघून परत फिरलो. जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन भिंत दाखवलीस." बरोबर होतं त्यांचं, कुणी मुद्दाम जाऊ नका.

लुधियानात मात्र मजा. चौडा बाजार आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत लोकर अशी लटकवलेली की आपल्याकडं मिरच्या लटकवाव्यात. पण एक ध्यानात ठेवा, तिथं "वूल" म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं ॲक्रेलिक, म्हणजे कृत्रिम धागा असतो. आम्ही पर्समध्ये काडेपेटी ठेवली होती. धाग्याचा वीतभर तुकडा मागायचा, दुकानाबाहेर येऊन पेटवायचा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरते. ॲक्रेलिक वितळून काळा कडक मणी होतो. एका दुकानदारानं आमचा हा उद्योग बघितला आणि हसून म्हणाला, "बहनजी, पहले ही पूछ लेतीं." त्याच्याकडूनच मग मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर घेतली, ॲक्रेलिकच्या चार-पाच पट महाग. गालाला लावली तर सायीसारखी.

ओळखीतून एक छोटी सूतगिरणीही बघायला मिळाली. तिथं कळलं की तंतू विंचरून सरळ समांतर केले आणि पीळ घट्ट दिला की धागा गुळगुळीत आणि टिकाऊ होतो. पीळ सैल ठेवला तर मऊ लागतो, पण आखूड तंतू घासून घासून बाहेर येतात. तेव्हा मी मान डोलवली आणि विसरून गेले. आता आठवतंय.

कारण ती सायीसारखी मेरिनो सैल पिळाचीच होती. त्यातून ह्यांचा हाफ स्वेटर केला, दहा नंबरच्या सुईवर बॉर्डर, आठ नंबरवर अंग, साडेतीनशे ग्रॅम लागली. दीड महिन्यात काखेत आणि पोटावर गोळे धरले, स्कूटरवर जिथं बॅगेचा पट्टा घासतो तिथं तर नुसता साबुदाणा. आणि दुसरं दुःख वेगळंच. गुंडे दोन लॉटचे, म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळी रंगवलेले निघाले, शेड नंबर एकच पण लॉट नंबर वेगळा. दुकानात ट्यूबलाइटखाली काही दिसलं नाही, घरी गच्चीवर उन्हात धरला तर छातीवर सरळ आडवी रेघ. चूक दुकानाची म्हणा का माझी, लेबल मीच बघायला पाहिजे होतं. तुम्ही प्रत्येक गुंड्याचा लॉट नंबर बघा आणि एक गुंडा जास्तीच घ्या, मागून तो लॉट मिळत नाही.

ॲक्रेलिकला मी नावं ठेवत होते, पण भाचीच्या बाळंतविड्याला तेच वापरलं आणि टोपडं-झबलं-मोजे वीस वेळा मशीनला जाऊन जसेच्या तसे. फक्त बाळाला शेक देताना शेगडीजवळ नेऊ नका, काडेपेटीनं जे दाखवलं तेच तिथं होईल. शिवाय ऊब कमी आणि घाम जास्त.

आता कुल्लू. भुंतरजवळ शमशीला भुट्टिको म्हणून विणकरांची सोसायटी आहे, 1944 पासूनची, तिथं हातमागावर शालीची किनार भरताना बघितली. बाई रंगीत धागे बोटांनी एक एक मोजून ताण्यात घालत होती आणि शेजारणीशी गप्पाही चालू, एकदाही चुकली नाही. जाऊबाई अर्धा तास हलल्या नाहीत तिथून. बाजारात मला हातानं कातलेली तपकिरी लोकर मिळाली, लडीवर, कुठं जाड कुठं बारीक, मधे गवताची काडीसुद्धा, वास अगदी मेंढीचा. टोचत होती. खरं सांगायचं तर स्वस्त पडली म्हणून घेतली.

तिचं मी माझ्यासाठी जाकीट केलं, साधंच, सुलट-उलट. सुरुवातीला पोत्यासारखं. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणानं धुतलं तर आणखीच कडक आणि चिकट, क्षाराच्या पाण्यात साबणाचा थर बसतो ना धाग्यावर. मग सासूबाईंचं ऐकलं, रिठे रात्री भिजवले, सकाळी कुस्करून गाळले, त्या कोमट पाण्यात नुसतं दाबून धुतलं, पिळलं नाही, टॉवेलात गुंडाळून खाटेवर आडवं वाळवलं. असं तीनदा केल्यावर ते जाकीट जे सैलावलं ते आजपर्यंत. अख्खी थंडी पहाटे फिरायला तेच, एक गोळा नाही, कोपर झिजले नाहीत. आतून सुती ब्लाउज पाहिजे, तेवढं टोचणं आहेच.

त्याच लोकरीच्या मफलरचं मात्र वाटोळं झालं. लेकीनं मशीनला टाकला, तेही गरम पाण्यावर. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. मफलर निघाला चार बोटं रुंद, बुटाच्या तळव्यासारखा जाड. आता गरम भांड्याखाली ठेवते.

उन्हाळ्यात कसर लागेल ही भीती होती. धुवून कडकडीत वाळवून कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवलं, वर डांबराच्या गोळ्या पण कापडात बांधून. जूनमध्ये उघडलं तर सगळं नीट, फक्त एक न धुतलेली लडी होती तिला भोकं. मळलेल्या लोकरीलाच कसर आधी लागते.

एक गंमत. बाजारात घोंगडी विकायला बसलेल्या एका धनगर आजोबांना मी ते जाकीट दाखवलं. त्यांनी अंगठ्यानं चोळून बघितलं आणि म्हणाले, "ही तर आमचीच की वो, जरा गोरी झाल्याली." मग त्यांच्याकडून दख्खनी मेंढीचं काळं सूत घेतलं. घोंगडीच्या ताण्याला ते चिंचोक्याची खळ लावतात, मी बिनखळीचं मागितलं तरी बोटं सोलून निघाली. स्वेटर काय होणार नाही त्याचा, बसायचं आसन केलं, देवघरात आहे.

परत जायचं म्हणलं तर लुधियाना एक दिवस पुरे, कुल्लूला चार दिवस ठेवेन आणि रिकामी बॅग नेईन. तो रेघेचा स्वेटर उसवून मोजे करते म्हणलं तर हे देईनात, म्हणे रेघ डिझाइनच वाटती.