वर्षभर वापरलेला लॅपटॉप आणि त्याचं वायफाय: सविस्तर अनुभव

साठ हजारांच्या आतला, पंधरा इंची, १६ जीबी रॅमचा हा लॅपटॉप घेऊन आता वर्ष होत आलं. प्रोसेसर, स्क्रीन यांवर सगळ्यांनी लिहून झालंय, मी त्यात शिरत नाही. कीबोर्ड उत्तम, शेजारी आकड्यांच्या वेगळ्या कळा आहेत म्हणून माझ्या कामाला फार सोयीचा. टॅली आणि ब्राउझर उघडे ठेवूनही बॅटरी कामाचा दिवस बऱ्यापैकी काढते. पंखा मे महिन्यातच काय तो ऐकू येतो. बाकी जे लिहायचंय ते वायफायबद्दल, कारण त्याने माझं डोकं उठवलं.

मी भांडुपला घरूनच छोट्या दुकानदारांची जीएसटी रिटर्न भरते. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, आणि २० तारखेला ३बी, म्हणजे कर भरण्याचं रिटर्न. फाइल करताना ओटीपी दुकानदाराच्या मोबाइलवर येतो. नेमकं तेव्हाच नेट तुटलं की पुन्हा लॉगिन, पुन्हा कॅप्चा, आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना त्या माणसाला पुन्हा फोन, "दादा, नवा ओटीपी सांगा." तारीख हुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. ते मी कोणाकडून मागायचं?

तक्रार साधी होती. हॉलमध्ये राऊटरजवळ बसलं की सगळं सुरळीत. आतल्या खोलीत टेबलावर बसलं की दोन दांड्या, मग एक, मग पिवळा त्रिकोण. त्याच टेबलावर माझा दोन वर्षं जुना मोबाइल त्याच वायफायवर बिनतक्रार चालायचा. मुद्दा इथेच स्पष्ट होता, पण कोणी ऐकून घेईल तर ना.

कस्टमर केअरने ठरलेला पाढा म्हटला. लॅपटॉप रीस्टार्ट करा, ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, नेटवर्क रीसेट करा. सगळं केलं. मग म्हणाले, विंडोज नव्याने टाका. त्याला मी साफ नकार दिला. वर्षभराचा टॅलीचा डेटा आणि सगळ्यांच्या डिजिटल सह्यांची मांडामांड पुन्हा कोण करणार? मग घरी इंजिनीअर आला, हॉलमध्ये सोफ्यावर बसला, राऊटरपासून चार फुटांवर स्पीड टेस्ट लावली आणि म्हणाला, "ताई, लॅपटॉपला काही नाही, राऊटर बदला." इंटरनेटवाल्याचा मुलगा आला तो म्हणाला, "राऊटर ठणठणीत आहे, लॅपटॉप दाखवा." दोघांच्या मध्ये मी.

इमारतीतली गर्दीही खरी आहे, ते नाकारत नाही. आमच्या आतल्या खोलीत नेटवर्कची यादी उघडली की खाली सरकवता सरकवता बोट दुखतं. वायफायच्या दोन पट्ट्या असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्खा मजला त्यात कोंबलेला. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली, चॅनल ११ ठेवलं आणि ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव दिलं. ज्यांच्याकडे दोन्हींना एकच नाव आहे त्यांनी हे जरूर करून पाहा, लॅपटॉप कशाला चिकटलाय ते निदान कळतं. पुढे महिनाभर बरं चाललं आणि मी साइटवर दिलेल्या दोन स्टारचे चार केले. पावसाळ्यात खिडक्या बंद म्हणून टेबल भिंतीकडे सरकवलं आणि पुन्हा तेच सुरू. चाराचा एक केला.

मग मी स्वतःच पुरावा गोळा करायला बसले. कमांड प्रॉम्प्ट उघडून राऊटरच्याच पत्त्याला, म्हणजे आमच्याकडे १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग लावून ठेवलं, म्हणजे लॅपटॉप राऊटरला पुन्हापुन्हा हाक मारतो आणि उत्तर येतं का बघतो. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' तिथेच दिसायला लागलं. याचा अर्थ उघड आहे: बाहेरची लाइन, मोडेम, इंटरनेट कंपनी यांचा संबंध नाही, घोळ राऊटर आणि लॅपटॉप यांच्यामध्येच आहे. मोबाइल चालतोय म्हणजे उरला लॅपटॉप.

दुसरा आकडा याहून बोलका. 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही कमांड दिली की वायफायचा जोडणीवेग दिसतो. इंटरनेटच्या प्लॅनचा वेग तो नव्हे, लॅपटॉप आणि राऊटर आपसात किती वेगाने बोलतायत तो. माझं कार्ड आणि राऊटर दोन्ही दोन अँटेनांचे, ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीला ८६६.७ एमबीपीएस यायला हवा. राऊटरला खेटून बसलं तरी माझा ४३३.३ च्या वर कधी गेला नाही. बरोबर निम्मा. एका अँटेनाचा वेग तेवढाच असतो. म्हणजे दोनातली एक अँटेना कामच करत नव्हती! जवळ एकीवर भागायचं, भिंत आणि लोखंडी कपाट मध्ये आलं की बोंब.

हे सगळं स्क्रीनशॉटसह कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, "कृपया राऊटर तपासून घ्या." तेव्हा मात्र राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर वरिष्ठ इंजिनीअरचा फोन आपणहून आला. तोवर लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या काहीशे रुपयांच्या यूएसबी वायफाय डोंगलवर मी २० तारीख काढली. त्याच टेबलावर, त्याच लॅपटॉपला तो डोंगल व्यवस्थित चालला, हा आणखी एक पुरावा.

नवा इंजिनीअर आला तेव्हा त्याला हॉलमध्ये बसूच दिलं नाही. "दादा, आतल्या टेबलावर तपासा," म्हटलं. माणूस समजूतदार होता. मागचं झाकण उघडलं, बॅटरीची जोडणी काढली आणि वायफायच्या कार्डावर मोबाइलचा टॉर्च मारला. बोटाच्या पेराएवढं कार्ड, त्यावर दोन इवल्या पितळी गुंड्या. काळी वायर जागेवर बसलेली. पांढरी मात्र गुंडीच्या कडेवर तिरकी टेकलेली, नुसती. त्याने प्लास्टिकच्या काडीने ती टिचबटणासारखी दाबली, वर चिकटपट्टी लावली. लॅपटॉप सुरू केला, कमांड दिली: ८६६.७. आतल्या खोलीत!

मला आनंद झाला आणि तितकाच संतापही आला. कारखान्यात नीट न बसलेल्या एका वायरसाठी मला विंडोज पुसायला आणि नवा राऊटर घ्यायला सांगत होते. त्याने जॉब शीटवर 'सॉफ्टवेअर अपडेट' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आणि 'अँटेना केबल सैल, पुन्हा बसवली' असं लिहून घेतलं. वॉरंटी संपत आलीय, पुढे वायर परत निघाली तर कागद हातात हवा.

त्यानंतर दोन महिने एकदाही तुटलेलं नाही. एक बारीक कटकट उरलीय: ड्रायव्हर अपडेट झाला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण परत येते आणि झोपेतून उठल्यावर नेट लागायला वेळ घेतं. खूण काढली की झालं.

आता लॅपटॉपला चार स्टार, सर्व्हिसला एक. भाचीला कॉलेजसाठी हाच घ्यायचाय, तिला मी घे म्हटलंय. फक्त परत करण्याची मुदत आहे तोवर राऊटरला खेटून बसून ५ गिगाहर्ट्झवर तो जोडणीवेग बघ, आणि निम्मा दिसला तर कोणाचंही ऐकू नकोस, सरळ बदलून घे.