लेजर नॅनो एस प्लस की ट्रेझर सेफ ३? आधी शब्दांचं बघा

पहिलं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो नाण्यांची चावी सांभाळणारं छोटं यंत्र, घ्यायचं ठरलं की बहुतेकांची गाडी लेजर नॅनो एस प्लस आणि ट्रेझर सेफ ३ या दोन नावांवर येऊन अडते. दोन्ही बोटभर लांबीची, दोन्हींना दोनच बटणं, छोटीशी स्क्रीन, यूएसबी-सी, आत बॅटरी नाही. शेजारी ठेवली तर पटकन फरक सांगता येत नाही. पण वॉलेट परत मिळवण्यासाठीचे गुप्त शब्द लिहून घेण्याची रीत दोन्हींमध्ये वेगळी आहे, आणि माझ्या मते निवड तिथेच व्हायला हवी.

कारण तुमची नाणी या यंत्रात नसतातच. नाणी म्हणजे ब्लॉकचेनवरची, सगळ्यांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीतली, नोंद. यंत्रात असते ती नोंद हलवणारी खासगी चावी, आणि ती चावी ज्यातून निघते ते शब्द तुम्ही कागदावर उतरवून ठेवता. यंत्र हरवलं तर दुसरं आणून त्यात शब्द भरले की सगळं परत मिळतं. शब्द दुसऱ्याच्या हाती गेले तर मात्र यंत्र कुलपात असूनही खातं रिकामं होतं.

लेजर २४ शब्द देतं. हे बीआयपी-३९ पद्धतीचे, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. सेफ ३ नव्या फर्मवेअरवर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) आपणहून २० शब्द देतं. ते एसएलआयपी-३९ या वेगळ्या पद्धतीचे, १०२४ शब्दांच्या यादीतले. सेटअप करताना पर्याय उघडून बघितलात तर १२ किंवा २४ शब्दांचा जुना प्रकारही निवडता येतो, पण बरेच जण तिथवर जातच नाहीत.

या फरकाचं महत्त्व मला एका चुकीने शिकवलं. माझ्या २४ शब्दांची दुसरी प्रत मी पहिल्या कागदावरून बघून लिहिली होती. पुढे तालीम म्हणून यंत्रातली सगळी माहिती पुसली आणि मुद्दाम त्या दुसऱ्या प्रतीवरून शब्द भरले. चोविसावा शब्द भरला आणि स्क्रीनवर आलं, शब्द चुकीचे आहेत. कोणता चुकला हे यंत्र सांगत नाही. दोन्ही कागद शेजारी धरून एकेक अक्षर ताडून बघितल्यावर सापडलं: ‘वर्ल्ड’ लिहिताना इंग्रजी एल गळला होता आणि उरला होता ‘वर्ड’. अडचण अशी की ‘वर्ड’ हासुद्धा यादीतलाच शब्द आहे, त्यामुळे भरताना कुठेच अडलं नाही.

चूक पकडली गेली ती शेवटच्या शब्दात दडलेल्या तपासणीमुळे. २४ शब्दांत ही तपासणी ८ बिटांची असते, म्हणजे चुकलेला संच खरा म्हणून निसटण्याची शक्यता २५६ मध्ये १. १२ शब्दांत ती फक्त ४ बिटांची, म्हणजे १६ मध्ये १. आणि निसटला तर यंत्र तक्रार करत नाही. दुसरंच, रिकामं वॉलेट उघडून देतं. ते बघून माणसाला वाटतं की पैसे चोरीला गेले. ट्रेझरच्या २० शब्दांची तपासणी यापेक्षा खूपच कडक आहे: तीनपर्यंत शब्द चुकले तर चूक हमखास पकडली जाते. शिवाय त्या यादीत ‘वर्ड’-‘वर्ल्ड’सारख्या एका अक्षराच्या फरकाच्या जोड्या ठेवलेल्याच नाहीत. घाईत लिहिणाऱ्याला, अक्षर खराब असणाऱ्याला मी म्हणूनच सेफ ३ सुचवतो. याच वॉलेटचे पुढे यंत्राकडूनच वेगळे शब्दसंचही करून घेता येतात, उदाहरणार्थ तीन कागदांवर तीन संच, त्यातले कोणतेही दोन पुरेसे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. लेजरचे २४ शब्द उद्या ट्रेझरमध्ये आणि इतर कितीतरी वॉलेटमध्ये भरता येतात. ट्रेझरचे २० शब्द लेजरमध्ये चालत नाहीत. कंपनी बदलण्याची मुभा ज्याला हवी आहे त्याने लेजर घ्यावं, किंवा सेफ ३ घेऊन सेटअपच्या वेळीच २४ शब्द निवडावेत. नंतर प्रकार बदलायचा म्हणजे नवं वॉलेट तयार करून सगळी नाणी तिकडे पाठवावी लागतात.

विश्वास कोणावर ठेवायचा, यावर दोन्ही बाजूंचे लोक हिरिरीने भांडतात. ट्रेझर २०१४ मध्ये आलं, बाजारातलं पहिलं हार्डवेअर वॉलेट म्हणून ते ओळखलं जातं, आणि त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. जुन्या ट्रेझरमध्ये मात्र गुपितं राखण्यासाठीची खास सुरक्षित चिप नव्हती. २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या (नाण्यांच्या खरेदी-विक्रीचं ठिकाण) सुरक्षा प्रयोगशाळेने दाखवून दिलं की यंत्र हाती असेल तर सुमारे १५ मिनिटांत त्यातून शब्द काढता येतात. २०२३ च्या सेफ ३ मध्ये ती चिप आली. लेजरकडे सुरक्षित चिप आधीपासून आहे, पण त्याचं फर्मवेअर पूर्ण खुलं नाही. मे २०२३ मध्ये लेजरने ‘रिकव्हर’ ही ऐच्छिक सेवा जाहीर केली. शब्दांमागचं गुपित कूटबद्ध तुकडे करून तीन कंपन्यांकडे ठेवायचं, अशी तिची रचना. ते गुपित चिपबाहेर पडूच शकत नाही असं धरून चाललेले ग्राहक तेव्हा खवळले, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. सेवा न घेणाऱ्याचं काही बिघडत नाही, पण फर्मवेअर अपडेट म्हणजे कंपनीवर टाकलेला विश्वास असतो हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. ट्रेझरलाही हे लागू आहे; तिथे निदान बाहेरचा माणूस कोड तपासू शकतो. या मुद्द्यावर माझा कौल ट्रेझरला.

सुरुवात करून देण्याची पद्धत दोन्हींची जवळपास सारखी. यंत्र कंपनीकडून किंवा तिने नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, वापरलेलं कधीच नको. खोक्यात शब्द आधीच छापलेला कागद निघाला किंवा पिन आधीच बसवलेला असला तर ती फसवणूक आहे. ते यंत्र वापरू नका. शब्द फक्त यंत्राच्या स्क्रीनवरून कागदावर उतरवायचे. फोटो नाही, मेल नाही, फोनमधली नोंदवही नाही. मग थोडीशीच रक्कम पाठवा, यंत्रातली माहिती पुसा (लेजरवर तीनदा चुकीचा पिन टाकला की ते स्वतःच पुसलं जातं), कागदावरून परत उभं करा, आणि रक्कम दिसली की मगच मोठी रक्कम हलवा. कागदाला आग-पाण्याची भीती वाटत असेल तर शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्या.

रोजच्या वापरात दोन्हींची छोटी स्क्रीन तोकडी पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर हे क्रिप्टो चलन चोरीला गेलं. व्यवहारावर सही, म्हणजे मंजुरी, देणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होतं. संगणकावर एक व्यवहार दिसत होता आणि सही होत होती दुसऱ्याच व्यवहारावर. म्हणून संगणकावर न विसंबता यंत्राच्या स्क्रीनवर वाचायला हवं. नुसतं बिटकॉइन घेऊन ठेवणाऱ्याला यंत्रावरचा पत्ता (नाणी जिथे जाणार त्या खात्याची अक्षरमालिका) आणि रक्कम वाचणं पुरतं, फक्त पत्ता पूर्ण वाचा; सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळणारे बनावट पत्ते लोक मुद्दाम बनवतात. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे करार) रोज सह्या करणाऱ्याने मात्र या दोन्हींच्या वाटेला न जाता मोठ्या टचस्क्रीनचं लेजर फ्लेक्स किंवा ट्रेझर सेफ ५ बघावं.

खरेदीच्या वेळी दिलेली माहिती दोन्हीकडून फुटलेली आहे. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर उघड झाले. जानेवारी २०२४ मध्ये ट्रेझरच्या मदतकक्षाशी बोललेल्या सुमारे ६६ हजार लोकांची संपर्क माहिती बाहेरच्या माणसाच्या हाती लागली. त्यामुळे तुमच्या नावाने नीट लिहिलेलं, अगदी टपालाने आलेलं पत्रसुद्धा बनावट असू शकतं. शब्द मागणारा कोणीही असो, तो चोर समजा.

पासफ्रेजची, म्हणजे शब्दांच्या जोडीला स्वतः ठरवलेल्या जादा गुप्त शब्दाची, सोय दोन्हींत आहे. पहिल्या वर्षी ती घेऊ नका असं मी सांगेन. चुकीची पासफ्रेज टाकली तरी यंत्र नाही म्हणत नाही, शून्य शिल्लक असलेलं वॉलेट दाखवतं, आणि विसरलेली पासफ्रेज कोणीच परत देऊ शकत नाही.

कोणतंही यंत्र घेतलंत तरी शब्दांच्या कागदावर वर एक ओळ लिहा: शब्द किती, पद्धत बीआयपी-३९ की एसएलआयपी-३९, आणि यंत्र कोणतं. दहा वर्षांनी तो कागद तुमच्याऐवजी घरातलं दुसरंच कोणी उघडेल, तेव्हा हे शब्द कुठे भरायचे ते त्याला कळलं पाहिजे.