तेरा वर्षे बंद असलेली प्रीमियर पद्मिनी : घ्यावी की न घ्यावी?

वाईजवळच्या एका गावात, जुन्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये २०१२ पासून उभी असलेली १९८६ ची प्रीमियर पद्मिनी मी गेल्या महिन्यात दोनदा जाऊन पाहिली. गाडी सुरू होत नाही, ब्रेक जाम आहेत, नोंदणीची मुदत जून २०१६ मध्ये संपली आहे आणि मूळ मालकांचे २०१९ मध्ये निधन झाले आहे. त्यांच्या पत्नीने, म्हणजे ज्यांना आम्ही काकू म्हणत होतो त्यांनी, कोणीतरी सांगितल्यावरून १,२०,००० रुपये किंमत मनाशी धरली होती. अशा गाडीबद्दल निर्णय कसा घेतला, कोणती गोष्ट किती महत्त्वाची ठरली आणि शेवटी काय ठरले, हे सविस्तर लिहीत आहे. कारण बंद गाडी पाहायला जाणारा प्रत्येक जण आधी बॉनेट उघडतो, आणि माझ्या मते बॉनेट सर्वांत शेवटी उघडावे.

फियाट कंपनीच्या परवान्याखाली कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचे मूळ फियाट ११०० हे आहे. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळाले आणि उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे साधे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी ही सरळ रचना आहे. तिच्यात कोणताही संगणक किंवा सेन्सर नसल्यामुळे ती बंद पडण्याचे कारण हाताने शोधता येते, ही बंद गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे.

परंतु या गाडीची एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जीपला जशी खाली स्वतंत्र चेसिस असते तशी पद्मिनीला नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि वरची बॉडी मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे तळ सडला तर केवळ दिसायला वाईट एवढ्यावर भागत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. दोन वर्षांपूर्वी मी रत्नागिरी जिल्ह्यात अशीच एक गाडी पाहिली होती. रंग नवा आणि चकचकीत होता, पण दाराच्या खालच्या भागाला लोहचुंबक चिकटेना, कारण तेथे पत्र्याऐवजी बोटभर पुट्टी भरलेली होती. ती गाडी आम्ही पाच मिनिटांत सोडून दिली. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी आणि वाई-सातारा पट्ट्यातील गाडी यांत हा फरक पडतो, आणि तो किमतीत धरलाच पाहिजे.

वाईच्या गाडीखाली मी जुने पोते अंथरून शिरलो. सोबतच्या मिस्त्रींनी पहिल्याच मिनिटाला सांगितले होते, “इंजिनाचं मी बघतो, तुम्ही खालचा पत्रा बघा.” हातात टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेऊन मी तळ इंच इंच ठोकत गेलो. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो आणि सडलेल्याचा बद्द येतो. कान एकदा तयार झाला की डोळ्यांपेक्षा तो अधिक खात्रीने सांगतो. चालकाची बाजू, मागचा तळ, जॅक लावण्याच्या जागा आणि डिकीतील स्टेपनीचा खड्डा या सर्व ठिकाणी वरवरचा गंज होता, पण पत्रा मजबूत होता. याचे श्रेय दिवंगत मालकांना आहे. गाडी उभी करताना त्यांनी खाली शहाबादी फरशी घातली होती आणि चारही बाजूंना लाकडी ठोकळे देऊन चाके अधांतरी ठेवली होती. मातीवर उभी असती तर जमिनीच्या ओलीने तळ केव्हाच गेला असता.

मात्र पुढची डावी बाजू ज्या भिंतीला लागून होती, त्या भिंतीतून पावसाळ्यात पाणी पाझरत असावे. तेथे मॅट उचलल्यावर पायाखालचा पत्रा खारी बिस्किटासारखा पापुद्रे सुटलेला निघाला, आणि अंगठ्याने दाबताच तळहाताएवढे भोक पडून खालची फरशी दिसू लागली. मला त्या क्षणी वाईट वाटले. तरीही नुकसान एका जागी असणे आणि सर्वत्र पसरलेले असणे यांत मोठा फरक आहे. एक तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करणे चांगल्या डेंटरला जमते.

आता इंजिनाबद्दल. इतकी वर्षे न फिरलेल्या इंजिनाला नवी बॅटरी जोडून थेट सेल्फ मारणे ही सर्वांत घातक चूक आहे. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल केव्हाच उतरलेले असते, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटलेल्या असू शकतात आणि एखादा व्हॉल्व्ह अडकला असेल तर पुश-रॉड, म्हणजे तो उघडणारी दांडी, वाकते. आम्ही पहिल्या रविवारी फक्त चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे थोडे मिश्रण ओतले आणि परत आलो. तिसऱ्या प्लगचे टोक तांबूस होते, म्हणजे तेथे ओल पोहोचली होती. तेलाची पट्टी काढून पाहिली तेव्हा तेल काळे आणि घट्ट होते, पण दुधाळ नव्हते. तेलात पाणी उतरलेले नसल्याची ही चांगली खूण होती.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. पद्मिनीला पुढून हँडल घालण्याची सोय आहे, आणि बंद गाडीच्या बाबतीत ती अनमोल आहे, कारण हाताला जे कळते ते सेल्फला कळत नाही. मिस्त्रींनी हँडल बसवून सावकाश जोर दिला. पहिल्यांदा काहीच हलले नाही. त्यांनी झटका न देता हँडल उलट दिशेने किंचित सोडले, पुन्हा दाबले, असे दहा-बारा वेळा केले. मग आतून कुरकुर आवाज येऊन ते पाव फेरा फिरले आणि थोड्या वेळाने पूर्ण फिरले. प्लगच्या भोकांतून तपकिरी तेल उडाले. गाडी सुरू करण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. इंजिन फिरते आहे एवढे कळणे निर्णयासाठी पुरेसे होते, कारण उघडून रिंगा, बेअरिंग आणि गॅस्केट बदलावे लागणार हे आम्ही आधीच गृहीत धरले होते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. टाकीचे झाकण उघडताच पेट्रोलऐवजी जुन्या व्हार्निशसारखा वास आला. टाकी उतरवून धुणे आणि कार्ब्युरेटर पूर्ण खोलणे आवश्यक आहे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या सर्व नळ्या व पंपाचा पडदा बदलणे मी खर्चात धरले. टायरवरचा आकडा १९०८ होता, म्हणजे ते २००८ च्या एकोणिसाव्या आठवड्यात तयार झालेले होते. नक्षी कितीही चांगली दिसली तरी असे टायर रस्त्यावर नेऊ नयेत. मागच्या सीटखाली उंदरांनी शेंगांची टरफले साठवली होती आणि डिकीकडे जाणारी वायर कुरतडली होती.

यापेक्षा मोठा प्रश्न कागदपत्रांचा आहे, आणि बहुतेक खरेदीदार येथेच फसतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. कारसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झाले. त्यावर उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये लागतात. जून २०१६ पासून मी हिशेब केला तेव्हा ११४ महिन्यांचे ५७,००० रुपये झाले. शिवाय पर्यावरण कर आणि विमा वेगळा. म्हणून सौदा ठरवण्यापूर्वी संबंधित आरटीओमध्ये जाऊन गाडीच्या नावावर नेमकी किती रक्कम निघते, हे विचारून घेणे अत्यावश्यक आहे. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी असलेली व्हिंटेज नोंदणी या गाडीला २०३६ पूर्वी मिळू शकत नाही, त्यामुळे तो मार्ग येथे बंद आहे.

मालक हयात नसतील तर गाडी थेट खरेदीदाराच्या नावावर करता येत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते आणि त्यानंतर फॉर्म २९ व ३० वर विक्री होते. काकूंकडे मूळ आरसी बुक, मृत्यू दाखला आणि जुन्या विम्याच्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. आरसीवरील चेसिस आणि इंजिन क्रमांक मी गाडीवरील क्रमांकांशी एकेक आकडा लावून पाहिले, आणि ते जुळले. कर्जाचा बोजा नोंदलेला नव्हता.

मिस्त्रींनी आणि मी मिळून खर्चाचा अंदाज काढला. इंजिनासाठी ५०,००० रुपये, ब्रेक, क्लच, रेडिएटर व टाकीसाठी ३०,०००, टायर-बॅटरी २२,०००, वायरिंग १५,०००, पत्रा व रंग ९०,०००, आणि नोंदणीसाठी किमान ६७,०००. हे सर्व २,७४,००० रुपये होतात, आणि त्यात गाडीची किंमत धरलेली नाही. पुण्यात चालू स्थितीतील, कागदपत्रे पूर्ण असलेली एक पद्मिनी मला अडीच लाखांत दाखवण्यात आली होती. म्हणून ज्यांना गाडी चालवायची हौस आहे त्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे की त्यांनी चालू गाडीच घ्यावी. बंद गाडी स्वस्त पडते ही समजूत आकड्यांत टिकत नाही. मूळ इंजिन, एकच मालक आणि कापाकापी न झालेली बॉडी यांचे मोल ज्याला वाटते, आणि दोन वर्षे तिच्यावर काम करण्याचा ज्याला आनंद आहे, त्यानेच इकडे वळावे.

मी त्या दुसऱ्या वर्गातला आहे. या गाडीची मला सर्वांत आवडलेली बाब म्हणजे तिचे सर्व भाग जागेवर आहेत. मागच्या दिव्यांच्या काचा, व्हील कॅप, बॉनेटवरचे नाव, दाराच्या मुठी आणि काच वर करण्याचे हँडल यांतले काहीही हरवलेले नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, आणि त्या टॅक्सींच्या जिवावर चालणारे सुट्या भागांचे दुकानदार व कारागीरही कमी होत आहेत. इंजिनाच्या रिंगा आजही मिळतात; मूळ चकचकीत पट्टी मात्र जुन्या बाजारात महिनोन्महिने फिरूनही मिळेलच असे नाही.

हा सगळा हिशेब मी काकूंपुढे कागदावर मांडला, पत्र्याचे भोक प्रत्यक्ष दाखवले आणि नोंदणीची रक्कम स्वतंत्र लिहून दिली. त्यांनी शांतपणे सर्व वाचले, मुलाला फोन केला आणि किंमत ४०,००० वर आणली. त्याहून कमी करण्याचा आग्रह मला योग्य वाटला नाही. ५,००० रुपये विसार देऊन आम्ही लेखी ठरवले की आधी गाडी काकूंच्या नावावर होईल, आरटीओकडून उशिराच्या शुल्काचा आकडा हाती येईल, आणि तो ६०,००० च्या वर गेला तर विसार परत मिळेल. निघताना मिस्त्रींनी चारही सिलिंडरमध्ये पुन्हा थोडे तेल सोडले, प्लग हाताने हलके बसवले, डावीकडच्या भिंतीपासून गाडी हातभर दूर सरकवायला दोन माणसे बोलावली आणि हँडल डिकीत जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवले.