टीपीयू ९५ए: उन्हाळ्यात झकास, पावसाळ्यात थर सुटतात

टीपीयू म्हणजे थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरायची रबरासारखी लवचिक प्लास्टिकची तार (फिलामेंट), आणि ९५ए हा तिच्या कडकपणाचा आकडा; वाळूजकडे जॉबवर्क करणाऱ्यांना हे सांगायला नको. पंपाच्या कपलिंगमधला स्टार (दातांच्या मध्ये बसणारा ताऱ्याच्या आकाराचा लवचिक तुकडा), पॅनलचे ग्रोमेट (वायरच्या भोकात बसणारी लवचिक कडी), फवारणी पंपाचे वॉशर यासाठी हा रोल उन्हाळ्यापासून वापरात आहे. मे महिन्यात पाचपैकी पाच गुण दिले असते. आता साडेतीन, आणि मुख्य कारण: थर सुटणं.

थराच्या दिशेने ओढला तर पीस दुप्पट-तिप्पट ताणतो आणि परत येतो. थरांना आडवा ओढला की त्याच्या कितीतरी आधी फाटतो. फाटलेली कड बघा. जोड पक्का असेल तर ती पांढरट, तंतू ओढल्यासारखी दिसते. कच्चा असेल तर गुळगुळीत, एकेक थर मोजता येईल अशी.

मूळ ओलाव्यात आहे. जूनपासून रोल रात्रभर उघडा राहिला तरी नोझलमधून (वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडातून) चटचट आवाज येतो, फेस येतो, तारा सुटतात. २३० अंशांना पाण्याची वाफ तर होतेच, शिवाय ते पाणी पॉलिमरच्या साखळ्याही तोडतं. विक्रेत्याचा सल्ला होता, तापमान वाढवा. ओल्या फिलामेंटवर त्याने नुकसान वाढतं. सिलिका जेलची पुडी रोल कोरडा ठेवते, भिजलेला वाळवत नाही. ड्रायरमध्ये ५५ अंशांवर ८ तास ठेवा आणि प्रिंट करतानाही तार ड्रायरमधूनच ओढा.

बाकी सेटिंग: डायरेक्ट ड्राइव्ह (तार ढकलणारी मोटर नोझललगतच), नोझल २३० अंश, बेड (छपाईचा तळ) ४५ अंश, वेग २५ मिमी प्रति सेकंद, रिट्रॅक्शन (तार मागे ओढणं) ०.८ मिमी. पंखा ३० टक्क्यांवर ठेवा, पूर्ण वेगाने सोडला की थर नीट चिकटत नाहीत. बेडवरच्या गुळगुळीत पीईआय शीटवर (प्लास्टिकचं कोटिंग असलेल्या पत्र्यावर) आधी ग्लू स्टिकचा पातळ हात मारा, नाहीतर पीस निघताना कोटिंगही निघतं.

मजबुतीसाठी इन्फिल (आतली भरण) १०० टक्के लागतं हे मत आता बदललं आहे. ग्रोमेटला बाहेरच्या ४ भिंती आणि २० टक्के जायरॉइड (लाटांसारखी जाळीदार भरण) पुरतं, माल वाचतो. स्टार मात्र भरीवच हवा, आणि आडवा झोपवून छापायचा, म्हणजे कपलिंगच्या दातांचा दाब थरांच्या दिशेनेच पडतो. असा स्टार उत्तम चालतो. ग्रोमेटची उभी, पातळ ओठासारखी कड हीच खरी कमजोर जागा. तिच्या मुळाशी १ मिमीची गोलाई द्या.

वॉशरसाठी मात्र हा रोल घेऊ नका. ९५ए म्हणजे मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकाइतका कडक. तो नीट दबत नाही, थरांच्या सांध्यातून पाणी झिरपतं, आणि एकदा दबला की दबलेलाच राहतो. ४२ अंशांच्या उन्हात ते आणखी लवकर होतं. दुकानातली साधी रबरी रिंग यापेक्षा स्वस्त पडते आणि जास्त टिकते.

कायम पाण्यात राहणारा पार्ट करायचा असेल तर रोल घेण्याआधी टीपीयू पॉलिइथर प्रकारचं आहे की पॉलिएस्टर ते विचारा. पॉलिएस्टर टीपीयू ओलसर उष्णतेत हळूहळू विरतं. पाकिटावर हे लिहिलेलं नव्हतं, त्याचा अर्धा गुण कापला आहे.