गर्भाशय काढायचंय: पोट उघडून की दुर्बिणीतून?

पोट उघडून केलं तर टाके मोठे, दुखणं जास्त. दुर्बिणीने बाई लवकर घरी येते, म्हणून कल तिकडेच. पण मूत्रवाहिनीला, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीला, इजा होण्याचा धोका दुर्बिणीत थोडा जास्त. ही नळी गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून, गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून जाते. तिथे यंत्राचा चटका बसला तर त्या दिवशी काहीच कळत नाही. आठवड्याने ताप येतो, पोट फुगतं, लघवी गळू लागते. तोवर डिस्चार्ज झालेला असतो. "गॅस असेल" म्हणून तिला परत पाठवणं, हा माझ्या मते इजेपेक्षा मोठा दोष, आणि डॉक्टर कोर्टात अडकतात तेही इथेच.

संमतीपत्राचं मात्र दोन्हीकडे सारखंच. तपासणीच्या दुर्बिणीला दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय.