आठ महिने, अकरा सहली: गोव्यात क्लबबरोबर कयाकिंग

चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) अंगावर दिसायला लागल्या तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणीने मला या क्लबात ओढलं. ती स्वतः दुसऱ्या सहलीनंतर गळाली, मी टिकले. ऑक्टोबर ते मे मिळून अकरा सहली झाल्या. वर्षाची वर्गणी दीड हजार, शिवाय प्रत्येक सहलीचे हजार-बाराशे. सगळे धरून साडेतेरा हजारांच्या आसपास गेले. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि माणसं तशी चांगली आहेत.

मी फोंड्याची, वय त्रेचाळीस, पोहता येतं पण विहिरीतलं. नदीत एकटीने उतरायची माझी छाती नव्हती. पाळोळेच्या किनाऱ्यावर कयाक भाड्याने मिळते, दोनदा घेतलीही होती. अर्धा तास इकडून तिकडे वल्हं मारायचं आणि परत यायचं. क्लबबरोबर गेलं की तीन-चार तास पाण्यावर असतो, सोबत दहा-बारा माणसं असतात, पुढे एक जाणकार आणि सगळ्यात मागे एक. हा मागचा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्यासारखी धिम्या हाताची बाई मागे पडली तरी तिच्या मागे कुणीतरी असतं.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला मुद्दाम पाण्यात पाडलं. या कयाका वर बसायच्या असतात, आत शिरायच्या नाहीत. बुडाला आरपार भोकं असतात, त्यामुळे आलेलं पाणी आपोआप निघून जातं. उलटली तर ती सुलटी करायची, आडवं पोट टाकून वर चढायचं, मग वळून बसायचं. ऐकायला सोपं. पहिल्या तीन प्रयत्नांत मी एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने पाण्यात गेले. चौथ्या वेळी जमलं तेव्हा काठावर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. वल्हं दंडाने ओढायचं नाही, कंबरेतून वळायचं, हेही तेव्हाच सांगितलं होतं. ते अंगात यायला मला डिसेंबर उजाडला. तोवर अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड येऊन फुटायचे आणि सोमवारी ऑफिसात पेन धरवत नसे.

जागा त्यांनी चांगल्या निवडल्या. असोळण्याकडून बेतूलपर्यंतची साळ नदी नवख्यांसाठी उत्तम. पात्र रुंद, पाणी संथ, दोन्हीकडे माड. काणकोणातली तळपण नदी त्याहून शांत. पण मला सगळ्यात आवडली ती रायबंदरसमोरच्या चोडण बेटाकडची खारफुटी. तिथलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. फेरीबोटीतून मी ते कितीदा तरी पाहिलं असेल, पण पाण्याच्या पातळीवर बसून बघणं वेगळं. खंड्या हाताच्या अंतरावरून निळा पट्टा ओढत जातो. चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, परांवर रेलून, डोळे वटारून बघत बसतात. एकदा खाडीच्या वळणावर पाणमांजरांचं अख्खं कुटुंब दिसलं. आम्ही वल्ही आडवी धरून गप्प बसलो, त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मासा खाणं चालू ठेवलं.

मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मात्र ते नेत नाहीत. तिथे मगरी आहेत. एका पुणेकर पाहुण्याने फार आग्रह धरला तेव्हा लीडरने सरळ नाही म्हणून सांगितलं, ते मला आवडलं. आमच्या फोंडा तालुक्यात दुर्भाटकडे खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतले, शेतकरी मातीची मगर करून पुजतात, ते काही उगीच नाही.

आता तक्रारी. पहिली बायकांची. अकरांपैकी आठ ठिकाणी कपडे बदलायला आडोसासुद्धा नव्हता. ओल्या लेगिंग्जवर टॉवेल टाकून स्कूटरवरून फोंड्याला आले आहे मी. दोनदा सांगितलं, तेव्हा मार्चमध्ये एक लहान तंबू आणला. त्याची चेन बिघडलेली. दुसरी लाईफ जॅकेटांची. संख्येला पुरेशी आहेत, पण मोठ्या मापाची दोनच, आणि आदल्या दिवशीची ओली तशीच पोत्यात कोंबलेली असतात. वास सहन होईल, तुटलेलं बक्कल नाही. जॅकेट हातात पडलं की आधी तिन्ही पट्टे ओढून बघा, लाजू नका.

तिसरी तक्रार वेळेची, आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

क्लबची सगळ्यात जास्त खपणारी सहल म्हणजे पौर्णिमेची. संध्याकाळी निघायचं, नदीत चंद्रोदय बघायचा, चांदण्यात परतायचं. दोनशे रुपये जास्त. मी फाल्गुनातल्या पौर्णिमेला गेले. चारला निघायचं होतं, चौघेजण उशिरा आले, मग फोटो, मग जॅकेटांची शोधाशोध, पाण्यात उतरायला पाच वाजत आले. आमच्यात वेंगुर्ल्याचे एक निवृत्त काका असतात. ते काठावर उभे राहून पाणी बघत होते. मला म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर गो, भरतीचो टायम मेळता. आज पुनव. दुपारी भरती झाली, म्हणजे सांजेक सुकती (ओहोटी). हंयसर चिखल गावतलो."

मी हसण्यावारी नेलं. साडेपाचला एका बारक्या फाट्यात आमच्या सहाही कयाका चिखलात बसल्या. वल्हं टेकवून ढकलायला गेलं तर वल्हंच आत जायचं. लीडर उतरला आणि मांडीपर्यंत रुतला. त्याला आधार द्यायला मी हात लांब केला तो कालवांचे शिंपले चिकटलेल्या मुळावर. तळहाताला चीर गेली, आधी पांढरी दिसली, मग रक्त आलं. ती भरायला दहा-बारा दिवस लागले. आजूबाजूला तिवरांची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, डासांचा घोळका, आणि आम्ही बाराजण भरतीची वाट बघत बसलेलो. पावणेसातला चंद्र उगवला. नारिंगी, भलामोठा, चिखलावर त्याचा ओला उजेड. खोटं कशाला बोलू, तसा चंद्र मी पुन्हा पाहिलेला नाही. सव्वासातला कयाकेखाली पाणी हललं, परत पोचायला साडेआठ वाजले. बारा माणसांत टॉर्च दोन.

घरी येऊन पंचांग काढून बसले तेव्हा काकांचं म्हणणं कळलं. भरती रोज पन्नासएक मिनिटं पुढे सरकते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आतबाहेर. हिशेब ढोबळ आहे, पणजीला भरती त्याहून थोडी आधीच येते असा माझा अनुभव. पण त्याचा अर्थ असा की पौर्णिमेची संध्याकाळ आपल्या किनाऱ्यावर कायम ओहोटीचीच असणार. त्यात ती उधाणाची, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त खाली उतरणार. चंद्र बघायला निघालेली सहल दर महिन्याला नेमकी या वेळात सापडते. मोठ्या पात्रात राहिलं तर काही बिघडत नाही. अरुंद फाट्यात शिरलं की बसलीच.

हे मी लीडरला सांगितलं. तो म्हणाला, ताई, लोकांना पौर्णिमाच हवी असते. त्याचंही बरोबर आहे म्हणा. एप्रिलपासून त्याने पौर्णिमेची सहल रुंद पात्रात हलवली आणि वेळेवर न येणाऱ्याला मागे ठेवायला सुरुवात केली. पहिल्याच वेळी मागे राहिलेले गृहस्थ चिडून पैसे परत मागत होते.

जाणार असाल तर सकाळची सहल घ्या. दहाच्या पुढे समुद्राकडून वारा सुटतो आणि परतीचं तेच अंतर दुप्पट वाटतं. पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर्स घाला, साधी चप्पल चिखल गिळतो. मांडवीत असाल तर बार्ज किंवा क्रूझ गेल्यावर येणाऱ्या लाटेकडे कयाकेचं तोंड करा, ती आडवी घेऊ नका. आणि दोघांच्या कयाकेत नवऱ्याबरोबर बसू नका. मागचा दिशा धरतो, पुढच्याने लय धरायची असते. आमच्या घरात दोन्ही कामं त्यालाच करायची होती. पुढच्या वेळी मी काकांबरोबर बसले, सुखात गेली.

आता पावसाळ्यात सगळं बंद आहे. वर्गणी मी भरून टाकली आहे. ऑक्टोबरपासून कोणत्या रविवारी दशमी, एकादशी, द्वादशी येते ते बघून कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलेत, कारण तेव्हा भरती सकाळी साडेसात ते नऊच्या आसपास असते. सासूबाईंनी ते गोल पाहिले आणि कौतुकाने विचारलं, "एकादशी धरायला लागलीस का गं?"