आइसलँडच्या तोरिनीचं कुठलं गाणं पाठवू? 'फिशरमन्स वुमन' आठवडाभर ऐकून लिहिलेला रिव्ह्यू

आमच्या ऑनलाईन गाण्यांच्या स्पर्धेत या वेळी आइसलँडचा राउंड आहे. प्रत्येकाने आपल्या आवडत्या आइसलँडिक गायक-गायिकेचं एकच गाणं पाठवायचं, मग सगळ्यांनी सगळी गाणी ऐकून युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेसारखे बारापासून खाली मार्क द्यायचे. ब्योर्क पाठवणारे भरपूर आहेत, तीन जणांनी तर आधीच सांगून ठेवलंय, पण माझी आवडती एमिलियाना तोरिनी, कॉलेजपासूनची, त्यामुळे गायिका कोण हा प्रश्न नव्हताच, गाणं कुठलं हा होता. म्हणून तिचा २००५ चा अल्बम 'फिशरमन्स वुमन' परत काढला, रोज रात्री सगळं आवरल्यावर एकदा पूर्ण ऐकला, आणि आता गाणं ठरलंय तर अल्बमवरही लिहूनच टाकते.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९७७ चा, रेक्याविकला चिकटून असलेल्या कोपावोगुरची, वडील इटालियन, आई तिथलीच. पूर्ण नावात डेव्हिड्सदोत्तिर येतं, म्हणजे डेव्हिडची मुलगी, आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसंच काहीसं. लहानपणी कॉयरमध्ये गायची, पंधराव्या वर्षापासून ऑपेरा शिकली. नाव ऐकलं नसेल तरी आवाज बऱ्याच जणांनी ऐकलाय, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा पिक्चर 'द टू टॉवर्स' संपल्यावर नावं वर सरकत असतात तेव्हा गॉलमचं जे गाणं लागतं ना, ते तिनेच गायलंय. आणि पॉप गायिका कायली मिनोगचं 'स्लो' हे नाचाचं गाणं लिहिण्यात कायलीबरोबर ही आणि डॅन कॅरी होते. त्याच डॅन कॅरीने हा अल्बम प्रोड्यूस केलाय. 'स्लो' लावा आणि लगेच यातलं कुठलंही गाणं लावा, तीच माणसं आहेत हे पटत नाही!

सगळ्यांनी मला 'जंगल ड्रम' पाठव असंच सांगितलं. ते तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं, २००८ च्या 'मी अँड आर्मिनी'मधलं, जर्मनीत तर २००९ मध्ये एक नंबरला गेलं होतं. गाणं झकासच आहे, तोंडाने ड्रम वाजवते ती त्यात, लहान मुलंसुद्धा उड्या मारायला लागतात, मार्कही मिळतील. पण त्याच्यावरून तोरिनी कळत नाही, आणि मला तीच कळायला हवी होती ऐकणाऱ्यांना.

'फिशरमन्स वुमन'मध्ये ती कळते. याच्या आधीचा १९९९ चा अल्बम सगळा इलेक्ट्रॉनिक, 'टिअर्स फॉर फिअर्स' या ब्रिटिश बँडच्या रोलंड ओरझबालने प्रोड्यूस केलेला. मग २००० मध्ये तिचा पार्टनर कार अपघातात गेला. त्यानंतर आलेला हा अल्बम, आणि सगळं गळून पडल्यासारखं आहे यात, गिटार, मधूनच पियानो, आणि इतक्या जवळून गायलेला आवाज की श्वास घेतलेला ऐकू येतो. टायटल साँग तर दोन मिनिटांच्या आसपासचंच. गेलेल्या माणसाबद्दल ती म्हणते की तो समुद्रावर गेलाय असं समजू, मी कोळ्याची बायको आहे असं समजू. रडारड नाही, आवाज चढवणं नाही. ऑपेरा शिकलेल्या बाईने इतकं हळू गायचं ठरवलं याचं मला दर वेळी नवल वाटतं. 'टुडे हॅज बीन ओके' हे नावच बघा, आजचा दिवस ठीक गेला. ज्याच्या घरात कुणी गेलंय त्याला विचारून बघा, पहिल्या वर्षात तो याहून जास्त काही सांगू शकत नाही. बाबा गेले तेव्हा मी पण फोनवर सगळ्यांना हेच सांगायचे.

बारा गाण्यांतली दोन मी आधीच बाजूला काढली, 'हनीमून चाइल्ड' बिल कॅलहनचं आहे आणि 'नेक्स्ट टाईम अराउंड' सँडी डेनीचं. गायलीत सुंदर, पण पाठवायचं तर तिने स्वतः केलेलं. 'हार्टस्टॉपर' त्यातल्या त्यात खेळकर. 'सनी रोड' म्हणजे जुन्या माणसाला लिहिलेलं पत्रच, खूप दिवस झाले, काय लिहावं कळत नाही, अशा सुराचं. दोन दिवस मी 'सनी रोड'वरच अडकले होते.

मग 'लाईफसेव्हर'. त्यात मागे लाकूड करकरण्याचा आवाज आहे, गाण्याचा ठेका धरून, बांधलेली होडी पाण्यावर हलते तसा, आणि त्यावर गिटार. गुरुवारी हेडफोनची बॅटरी संपली म्हणून स्पीकरवर लावलं होतं. आई बाजूला वाटाणे सोलत बसलेली, तिला इंग्रजी गाण्यांचं काही नाही, माझं चालू असतं ते ती ऐकतही नाही. मान वर केली आणि म्हणाली, "ह्यां काय गो, होडी करकरता काय?" तिचं माहेर विजयदुर्गच्या खाडीवर, लहानपणी रात्री पडल्या पडल्या हाच आवाज यायचा म्हणे. मग वाटाणे राहिले बाजूला, गाणं संपेपर्यंत बसली आणि म्हणाली परत लाव. कुठे आइसलँड, अख्ख्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, कुठे आमची खाडी, पण शब्द न कळता तिला गाणं कुठलंय ते बरोबर कळलं. तिथेच ठरलं. स्पर्धेत लोक वीस-पंचवीस गाणी एकामागून एक ऐकतात, पाचव्या-सहाव्यानंतर कान बधिर होतात, अशा वेळी मोठ्या आवाजाचं आणखी एक गाणं कुणाच्या लक्षात राहणार? ही करकर ऐकून माणूस हातातलं काम थांबवतो.

अल्बममध्ये खटकणाऱ्या गोष्टी आहेत. शेवटची तीन-चार गाणी एकाच चालीत जातात, मधे एखादं वेगळं हवं होतं. लोकलमध्ये, रिक्षात ऐकायचा नाही हा, काहीच पोचत नाही, मी गर्दीत ट्राय केलाय आणि दोन्ही वेळा बंद केला. आणि सगळं इंग्रजीत आहे याची मला खरंच हळहळ वाटते, तिच्या स्वतःच्या भाषेत एक तरी गाणं असतं तर मी डोळे झाकून तेच पाठवलं असतं.

मी सीडी सेकंडहँड मागवली होती, कव्हर तडकलेलं आलं आणि विकणाऱ्याने उत्तर दिलं नाही, पण डिस्क चांगली होती, अजून अडकत नाही. स्ट्रीमिंगवर आहेच सगळा, फक्त शफल बंद करा आणि पहिल्या गाण्यापासून क्रमाने जाऊ द्या, चाळीस मिनिटं पण लागत नाहीत. मी पाचातले साडेचार देईन.

'लाईफसेव्हर'ची लिंक काल रात्री पाठवली. आई विचारतेय मार्क कधी देणार ते.